कांदा चाळीत, किल्ली बंदरात

कस्टम म्हटले की गावाकडे एकच चित्र डोळ्यांपुढे येते : विमानतळावर सोने पकडणारे साहेब. त्यांचा अन् आपल्या शेतीचा काय संबंध? तो संबंध १९ ऑगस्ट २०२३ रोजी कळला. त्या दिवशी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले, अन् दोनच दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले.

गोरगरिबांच्या मालाशी या खात्याचा संबंध जुनाच. इंग्रजांच्या काळी मिठावरचा कर चुकू नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत चौक्या आणि काटेरी कुंपण उभारले होते. खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपुरावरून ही रेघ जात होती. मिठावर पहारा करायला हजारो शिपाई! १८७९ साली ती मोडली. आज चालतो तो १९६२ चा सीमाशुल्क कायदा.

आता कांद्याचा हिशेब पाहू. कागदोपत्री शुल्क निर्यातदार भरतो. समजा बंदरात मालाची किंमत किलोला २५ रुपये धरली, तर ४० टक्क्यांनी १० रुपये सरकारजमा. परदेशातले गिऱ्हाईक हे १० रुपये वाढवून देत नाही. त्याला पाकिस्तानचा, इजिप्तचा कांदा मिळतो. मग व्यापारी ते लिलावातच कापतो. म्हणजे भरले कोणी? ज्याच्या चाळीत कांदा पडलाय त्याने!

दुसरी गोम अशी, की शुल्काचा दर खरेदीच्या दिवशीचा नसतो. कस्टमचा अधिकारी माल चढवायला परवानगी देतो, त्या दिवशीचा दर लागतो. त्यामुळे नुसती कुणकुण लागली तरी व्यापारी हात आखडतो.

पुढे ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदीच आली. ४ मे २०२४ रोजी ती उठली, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून पुरते हटले. पण हटले म्हणजे कायमचे गेले, असे कायदा सांगत नाही.

बंदरावरच्या साहेबावर राग काढून उपयोग नाही. तो वसुली करतो. दर ठरतो दिल्लीत, अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनेने. तेव्हा ग्रामसभा, सोसायट्या अन् बाजार समित्यांनी ठराव करून खासदारांमार्फत एकच मागणी लावून धरावी : शुल्क लावायचेच असेल तर लागवडीआधी सांगा. कांदा तयार व्हायला चार महिने लागतात, अधिसूचना एका रात्रीत निघते.