पावसाळ्यातील विद्यारंभ

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की शहरांतील घराघरांतून कोऱ्या वह्यांचा वास येऊ लागतो. उन्हाळ्याची सुटी संपली म्हणून शाळा उघडावयाच्या, आणि त्याच सुमारास पाऊस यावयाचा, एवढाच आपल्याकडे दोहोंचा संबंध. छत्री आणि चिखल ह्यांपलीकडे पहिल्या धड्याचे पावसाशी काही नाते नाही. केरळात मात्र एक विद्यालय असे आहे की, तेथे पाऊस हाच पहिल्या धड्याचा साहाय्यक होय. त्रिशूर जिल्ह्यात, भारतपुळा नदीच्या काठी, चेरुतुरुत्ती ह्या गावी असलेले केरळ कलामंडलम् ते हेच.

महाकवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन व त्यांचे स्नेही मुकुंद राजा ह्यांनी १९३० साली ही संस्था उघडली. कथकळीचे आश्रयदाते खालावले होते, नटमंडळी विखुरली होती, आणि द्रव्यबळ तर मुळीच नव्हते. तेव्हा ह्या दोघांनी सोडतीची तिकिटे विकून पैसा उभा केला. वळ्ळत्तोळ हे तारुण्यातच बहिरे झाले होते. ज्या नाट्यात चेंडा आणि मद्दळम् ह्या वाद्यांचा कल्लोळ रात्रभर चालतो, त्याच्या उद्धारासाठी ज्यास तो कल्लोळ ऐकू येत नाही अशा मनुष्याने जन्म वेचावा, ही गोष्ट विलक्षणच म्हणावी लागेल.

पावसाळ्याचे महत्त्व दोन कारणांनी आहे. पहिले कारण अगदी व्यावहारिक. कथकळीचे प्रयोग मुख्यत्वेकरून देवळांच्या उत्सवांत होतात, आणि हे उत्सव पाऊस ओसरल्यावर सुरू होऊन वैशाखापर्यंत चालतात. त्या दिवसांत गुरुजी आज ह्या गावी तर उद्या त्या गावी. रात्रभर रंगभूमीवर उभे राहिलेल्या नटाने पहाटे मुलांस काय शिकवावे? पावसात उत्सव थांबतात आणि गुरूस उसंत मिळते. दुसरे कारण शरीराचे आहे. कठोर व्यायाम आणि तेलाचे मर्दन ह्यांस उन्हाळ्याचा दाह सोसत नाही. हवा थंड आणि दमट झाली, म्हणजे अंग तेल मानवून घेते व सांधे वळविता येतात, असा तेथील पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. मलयाळी पंचांगातील कर्किटकम् हा महिना, म्हणजे आपला आषाढ-श्रावण, केरळात एरवीही औषधोपचारांचा आणि तेलाचाच मानला जातो.

परंपरेप्रमाणे नवा विद्यार्थी गुरूपुढे दक्षिणा ठेवतो आणि गुरू त्यास तेल व कच्च, म्हणजे कमरेस घट्ट गुंडाळावयाचे लांब वस्त्र, देतो. ह्या शाळेत वहीच्या जागी वस्त्र आणि शाईच्या जागी तेल! शिक्षणाची जागा जी कळरी, तेथे उजाडण्यापूर्वीच हजर व्हावयाचे. डोळ्यांत तूप घालून बुबुळे वर, खाली, वर्तुळात, आठाच्या आकारात, प्रथम सावकाश व मग वेगाने फिरवावयाची. त्यानंतर उड्या आणि पदन्यास. अंग घामाने आणि तेलाने निथळू लागले, म्हणजे मर्दनाची पाळी येते. मुलाने गुडघे बाजूंस फाकवून पालथे पडावयाचे आणि गुरूने वरच्या आडव्या दांड्याचा आधार घेऊन पायांनी त्याची पाठ, कंबर व मांड्या रगडावयाच्या. पाहणाऱ्यास हे निष्ठुर वाटेल. परंतु कथकळीची उभे राहण्याची ढबच अशी, की गुडघे बाहेर वळलेले, पाठीस बाक दिलेला आणि शरीराचा सारा भार तळव्यांच्या बाहेरच्या कडांवर! कमरेचा सांधा लहानपणी मोकळा झाला नाही, तर ही ढब पुढे कितीही हौस असली तरी साधत नाही. ह्या मर्दनात गुरूच्या तळव्याचा भार नेमका किती पडावा, हे कोणत्याही पुस्तकात लिहिता येण्याजोगे नव्हे.

राम, रावण, भीम ह्यांचे नावही ह्या आरंभीच्या दिवसांत निघत नाही. पुढे ‘तोडयम्’ हे नृत्य शिकवितात. त्यात मूळचे पदन्यास निरनिराळ्या तालांत बसविलेले असतात. त्यानंतर ‘पुरप्पाडु’, आणि मग कोठे भूमिका. शेजारच्या कळरीत चेंडा शिकू आलेल्या मुलांसही चेंडा मिळत नाही. चिंचेच्या जाड काठ्यांनी लाकडाच्या किंवा दगडाच्या ठोकळ्यावर त्यांनी बडवीत बसावयाचे. मनगट तयार झाल्यावाचून कातड्यास हात लावू द्यावयाचा नाही, हा दंडक.

आता हीच संस्था अभिमत विद्यापीठ आहे.  आठवीच्या वर्गापासून प्रवेश मिळतो, कलेबरोबर गणित, भाषा, इतिहास हेही विषय असतात, आणि शेवटी परीक्षा व प्रमाणपत्र. गुरूच्या घरी राहून दिवसाचे सर्व तास एकाच विद्येस देणारा शिष्य आणि तासाची घंटा ऐकणारा विद्यार्थी ह्यांत अंतर राहणारच. परंतु घंटेस दोष देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जी विद्या घराण्याच्या उंबऱ्याआड होती, ती ह्या घंटेमुळेच बाहेर आली. कूडियाट्टम् हे प्राचीन संस्कृत नाट्य चाक्यार व नंबियार कुळांपुरतेच मर्यादित होते. १९६५ साली पैंकुळम् राम चाक्यार ह्यांनी ते कलामंडलम् मध्ये शिकविण्यास आरंभ केला आणि इतर कुळांतील मुलांसही ते खुले झाले.

मुलींची गोष्ट मात्र फार रेंगाळली. मोहिनीअट्टम् त्यांचे आणि कथकळी मुलांची, अशी वाटणी कित्येक दशके चालली. पोशाखाचे ओझे, रात्रभराचे प्रयोग अशी कारणे सांगितली जात. वस्तुतः १९६० नंतरच्या दशकात मिलेना साल्विनी ह्या युरोपीय विदुषी येथेच कथकळी शिकून गेल्या होत्या, आणि त्रिपुणित्तुरा येथे केवळ स्त्रियांचे कथकळी पथक १९७५ पासून प्रयोग करीत होते. परकीय पाहुणीस जे साधते ते घरच्या मुलीस साधणार नाही, हा युक्तिवाद किती दिवस टिकावा? अखेर २०२१ साली कथकळीच्या नित्य वर्गात मुलींस प्रवेश मिळाला. मुलांस मोहिनीअट्टम् शिकू देण्याचा निर्णय त्यानंतर २०२४ साली झाला. येथून तयार होऊन बाहेर पडणारे कलावंत आपल्या नावापूर्वी ‘कलामंडलम्’ हे पद लावतात. कलामंडलम् गोपी हे नाव तर रसिकांस परिचितच आहे. तेच पद लावून कथकळीच्या प्रमुख भूमिका करणाऱ्या स्त्रिया रंगभूमीवर येण्यास अर्थातच काही वर्षे लागतील, कारण ही विद्या सहा-आठ वर्षांवाचून हाती लागत नाही.

मुंबईहून कोकण रेल्वेने केरळात जाणाऱ्यास शोरणूर स्थानक लागते; तेथून नदीचा पूल ओलांडला, की चेरुतुरुत्ती. पावसाळ्यात गेल्यास उत्सवांतील रात्रभराचे मोठे प्रयोग पाहावयास मिळत नाहीत. सकाळच्या वेळी कौलांवरून पाणी ठिबकत असते, आणि आतून ठोकळ्यांवर पडणाऱ्या काठ्यांचा एकसारखा आवाज येत असतो.