पोफळीच्या वाडीत पेंग्विन

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं, आक्षीची खाडी ओलांडली की नागाव येतं. दोन्ही हातांना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि आज जवळजवळ प्रत्येक फाटकावर घरगुती मुक्कामाची पाटी. पाटीवर एसी, गरम पाणी आणि वायफाय. यातलं तिसरं इतकं गृहीत झालंय की पाहुणा बॅग टेकवायच्या आधी पासवर्ड विचारतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी याच वाड्यांमध्ये इंटरनेट यायचं ते तांब्याच्या दोन तारांवरून. खांबावरून पोफळीच्या शेंड्यांना घासत आलेल्या त्या तारा पडवीतल्या फोनपर्यंत पोचायच्या. आणि घरातला संगणक विंडोजऐवजी लिनक्सवर, म्हणजे पेंग्विनचं चिन्ह मिरवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, चालणारा असेल, तर त्या तारेपर्यंत पोचणं ही स्वतंत्र तपश्चर्या होती.

विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते मुंबईसारख्या महानगरांत. गेटवेहून लाँचनं मांडवा तासाभराचं अंतर, पण टेलिफोनच्या हिशेबात मुंबई म्हणजे ०२२ आणि अलिबाग म्हणजे ०२१४१. मुंबईचा क्रमांक फिरवला की एसटीडीचा मीटर पळायला लागायचा. रात्री अकरानंतर दर पावपट व्हायचा, म्हणून मेल तपासायला लोक जागत बसायचे. पुढे १७२नं सुरू होणारे क्रमांक आले आणि स्थानिक कॉलच्या दरात इंटरनेट लागू लागलं. गावांतली खरी हौस तेव्हापासूनची. अर्थात इंटरनेट चालू तोवर फोन एंगेज. शनिवार-रविवारच्या खोलीसाठी दादरहून कोणी फोन लावत असेल, तर तो बिचारा टूं-टूं ऐकत बसणार. घरात भांडणं व्हायची ती यावरून.

या गोष्टीत लिनक्स कुठून आलं? सीडीवरून. अठ्ठावीस हजार आठशे बिट प्रतिसेकंद या वेगानं एक एमबी उतरायला जवळजवळ पाच मिनिटं लागतात. साडेसहाशे एमबीची सीडी उतरवायची तर पन्नास तासांहून अधिक, तेही लाइन एकदाही न तुटता. तेव्हा डाउनलोडचा विचारच नको. 'पीसीक्वेस्ट' मासिकानं १९९६ साली अंकासोबतच्या सीडीवर लिनक्स दिलं आणि भारतातल्या हजारो घरांत ते त्या वाटेनं शिरलं. त्यामागे होते बंगळूरचे अतुल चिटणीस. योगायोग नव्हे, हे गृहस्थ मूळचे मोडेमवालेच. इंटरनेट येण्याआधी ते 'सीआयएक्स' नावाचा बुलेटिन बोर्ड चालवत. सभासदांनी मोडेमनं फोन लावायचा, निरोप ठेवायचे, वाचायचे. २०१३ साली ते गेले. उबुंटू नावाचं लिनक्स काढणाऱ्यांनी तर पुढे कमाल केली. पत्ता कळवा, सीडी फुकट घरपोच, टपालखर्चही त्यांचाच. २०११पर्यंत ही योजना चालली. ज्या गावात इंटरनेट रखडत यायचं तिथे पोस्टमन आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम आणून द्यायचा.

लिनक्स घरात आलं, आता ते फोनच्या तारेला जोडायला मोडेम हवा. तो यूएसबीचाच का, हे कोकणातल्या माणसाला समजावायला नको. संगणकाच्या पोटात बसवलेलं मोडेमचं कार्ड वळवाच्या पहिल्या गडगडाटात जळायचं. वीज खांबावर किंवा जवळपास पडली की फोनच्या तारेतून झटका थेट मदरबोर्डपर्यंत. बाहेरचा मोडेम बरा, ढग दिसले की दोन्ही वायरी उपटून ठेवता येतात. बाहेरच्यातही जुने सीरियल पोर्टवाले महाग आणि त्यांना वेगळा अडॅप्टर. यूएसबीवाला तळहाताएवढा, वीज संगणकाकडूनच घेणारा आणि स्वस्त. लॅमिंग्टन रोडवरून एखादा भाचा घेऊन यायचा. खोक्यावर विंडोजच्या तीन-चार आवृत्त्यांची नावं. लिनक्सचं नाव नाही, पण त्याचं तेव्हा कोणाला काही वाटायचं नाही.

मोडेम खोचायचा आणि डीमेसेज हा आदेश द्यायचा. कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपल्या रोजनिशीत काय लिहून ठेवतो ते पडद्यावर येतं. शेवटच्या दोन-तीन ओळींत 'सीडीसी-एसीएम' आणि 'टीटीवायएसीएम०' ही अक्षरं दिसली की निम्मं काम झालं. ती दिसली नाहीत, नुसतं 'नवं यूएसबी उपकरण सापडलं' एवढंच म्हणून कर्नेल गप्प बसला, तर पुढचे पंधरा दिवस गेले म्हणून समजा.

हा फरक कशाचा? डबा तोच, वायर तीच, किमतीत थोडाफार फरक. फरक मेंदू कुठे ठेवलाय याचा. खऱ्या मोडेममध्ये दोन कामं करणाऱ्या चिपा असतात: एक आपले आदेश समजून घेते, दुसरी आकड्यांचे सूर आणि सुरांचे आकडे करते. नव्वदीच्या उत्तरार्धात संगणकांचे प्रोसेसर वेगवान झाले तेव्हा उत्पादकांनी हिशेब केला की हे काम संगणकाकडूनच करून घेऊ आणि चिपांचे पैसे वाचवू. डब्यात उरलं फोनच्या तारेला जोडायचं जुजबी सर्किट. बाकी मोडेम म्हणजे सीडीवरचं विंडोजचं सॉफ्टवेअर. अशांना विनमोडेम म्हणत. त्या सॉफ्टवेअरचा आतला कारभार गुप्त, त्यामुळे लिनक्ससाठी दुसऱ्या कोणी ड्रायव्हर लिहावा तर कशाच्या आधारानं? दुकानात मिळालेला स्वस्त मोडेम बहुधा असाच निघायचा.

उलट ज्याचा मेंदू डब्यातच आहे तो मोडेम यूएसबीच्या जाहीर मानकाप्रमाणे स्वतःची ओळख सांगतो: वर्ग दोन, उपवर्ग दोन, एटी आदेश समजणारा. एवढं कळलं की कर्नेलला त्याच्या कंपनीशी देणंघेणं उरत नाही. जानेवारी २००१च्या २.४ कर्नेलपासून अशा यूएसबी मोडेमचा ड्रायव्हर लिनक्समध्ये मुळातच आहे.

विनमोडेम पदरी पडलेल्यांसाठी जगभरच्या हौशी मंडळींनी वाटा काढल्या. स्मार्ट लिंक या कंपनीनं लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला होता. त्यातला मुख्य भाग बंदिस्त, भोवतीचा भाग आपल्या कर्नेलसाठी आपणच बांधून घ्यायचा. कोनेक्संटच्या चिपांसाठी लिनक्संट नावाच्या कंपनीचा ड्रायव्हर होता, पण फुकट आवृत्तीचा वेग चौदा हजार चारशेवर बांधलेला. पूर्ण वेग हवा तर डॉलर मोजा, तेही क्रेडिट कार्डानं, इंटरनेटवरून. नागावातल्या वाडीवाल्याला ही सूचना कशी वाटत असेल ते सोडा.

खरी मेख पुढे होती. ड्रायव्हर बांधायला कंपायलर लागतो आणि नेमक्या आपल्याच कर्नेलच्या हेडर फायली. त्या सीडीवर असतीलच असं नाही, इंटरनेटवर असतात. इंटरनेटसाठी मोडेम पाहिजे, मोडेमसाठी ड्रायव्हर, ड्रायव्हरसाठी इंटरनेट. मग कर्नेलचा क्रमांक शेवटच्या टिंबापर्यंत कागदावर उतरवायचा, एसटी धरून अलिबागच्या सायबर कॅफेत जायचं, पेनड्राइव्हवर फायली घ्यायच्या आणि परत यायचं. घरी आल्यावर कळायचं की अमुक फायलीला तमुक लायब्ररी लागते. पुन्हा एसटी. एवढं करून मोडेम चालू झाला आणि कोणी उत्साहानं कर्नेल अद्ययावत केला, की ड्रायव्हर मोडला. मला विचाराल तर लिनक्स अवघड असल्याची जी ख्याती आपल्याकडे झाली, तिच्यातला निम्मा वाटा या स्वस्त डब्यांचा आहे.

मोडेम ओळखला गेला की त्याच्याशी बोलायचं. ही बोली १९८१ साली अमेरिकेत हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमनं रूढ केली. प्रत्येक आदेशाची सुरुवात एटीनं. एटीझेड म्हणजे पाटी कोरी कर. एटीडीटी आणि पुढे क्रमांक म्हणजे सुरांनी फोन लाव. एक्स्चेंज जुनं, चकतीच्या फोनचं असेल तर एटीडीपी. एटीएच म्हणजे फोन ठेव. मिनिकॉम हा प्रोग्राम उघडून नुसतं एटी टंकलं आणि खालच्या ओळीत ओके उमटलं, की मोडेम जिवंत असल्याची खूण पटायची. बाकीची जुळवाजुळव डब्ल्यूव्हीडायल नावाचा प्रोग्राम करायचा. पोर्ट हुडकायचा, फोन लावायचा, नाव-पासवर्ड द्यायचा. त्याच्या फायलीत 'स्टुपिड मोड' नावाची एक ओळ असे. ती चालू केली की फोन लागताक्षणी फाटे न फोडता प्रोग्राम जोडणी सुरू करायचा. आपल्याकडे बऱ्याचदा त्यानंच भागायचं. आणि वापरणाऱ्याचं नाव 'डायलआउट' गटात घालायला विसरलं, तर सगळं बरोबर असूनही पोर्टला हात लावायची परवानगी नाही.

इतकं करून पडद्यावर यायचं: 'नो डायलटोन'. फोन उचलून कानाला लावावा तर टोन व्यवस्थित. इथे मोडेम खोटा नव्हता आणि एक्स्चेंजही नाही. अमेरिकेतला डायलटोन साडेतीनशे आणि चारशे चाळीस हर्ट्झ या दोन सुरांचा. आपला चारशे हर्ट्झचा, पंचवीसच्या लयीत थरथरणारा. परदेशी मोडेमला तो टोन वाटतच नाही. उपाय एका अक्षराचा आणि एका आकड्याचा. आदेशात एक्स३ घालायचं, म्हणजे टोनची वाट न बघता फोन लाव.

मग ती प्रसिद्ध किंकाळी. पलीकडचा मोडेम प्रथम एकवीसशे हर्ट्झचा सूर लावतो. वाटेतल्या यंत्रणेनं प्रतिध्वनी दाबायची आपली सोय बंद ठेवावी, यासाठीची ती सूचना. त्यानंतरची खरखर म्हणजे दोघांनी तारेची केलेली परीक्षा: कुठले सूर पलीकडे नीट पोचतात, कुठले वाटेत मरतात. छप्पन्न हजारांचा जो आकडा खोक्यावर असतो, त्याचं गणित सरळ आहे. डिजिटल एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घेतं, प्रत्येकात भरवशाचे सात बिट, म्हणून छप्पन्न हजार. १९९८च्या व्ही ९० मानकानं ही युक्ती साधली, पण एका अटीवर. सेवादात्यापासून आपल्या एक्स्चेंजपर्यंत सगळा मार्ग डिजिटल हवा आणि तारेवर रूपांतर एकदाच व्हायला हवं. उलट दिशेला वेग तेहेतीस हजार सहाशेच.

आपल्या खेड्यांत डिजिटल एक्स्चेंज होती, याचं श्रेय सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेला द्यायलाच हवं. १९८४ साली ही संस्था स्थापन झाली आणि १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला तिचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज लागलं: १२८ पोर्टचं, धूळ-उकाड्यात वातानुकूलनाशिवाय चालणारं. परदेशी बनावटीच्या अवजड एक्स्चेंजना ते जमत नव्हतं. त्यामुळे एक्स्चेंजपर्यंत सगळं ठीक, घोडं अडायचं शेवटच्या दोन-तीन किलोमीटरच्या तारेत. खारा वारा, पावसाळ्यात सांध्यात शिरलेलं पाणी, झावळी पडून ताणलेली वायर. वाऱ्याच्या झुळकीसरशी खरखर आणि लाइन कट. गंमत म्हणजे याच अलिबागेत १९०४ साली कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा हलवली गेली, कारण मुंबईत विजेच्या ट्रामा येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहानं नोंदी बिघडल्या असत्या. विजेच्या दृष्टीनं इतक्या शांत तालुक्यात फोनच्या तारा मात्र कायम कुरकुरत.

बीएसएनएलनं २००५च्या जानेवारीत ब्रॉडबँड सुरू केलं, पण ते गावोगाव झिरपेपर्यंत मध्ये एक पिढी डोंगलची झाली. दिसायला पेनड्राइव्ह, पण आत मोडेमच. तोही फोन लावायचा: जीएसएमवाला *९९# आणि सीडीएमएवाला #७७७. आदेश तेच, एटीडीटी. लिनक्सवर याची खोड निराळी. खोचला की तो सीडी असल्याचं सोंग घ्यायचा, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्याच्या पोटातच भरलेला. योसुआ डीट्झे या जर्मन गृहस्थांनी लिहिलेला यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्राम त्याला 'सीडी बाहेर काढ' असा आदेश देतो. सीडी निघून जाते आणि मागे मोडेम उरतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत पोफळी आडव्या झाल्या, खांब मोडले, तारा चिखलात गेल्या. तोवर मोबाइल घरोघरी आला होता. तुटलेली तांब्याची जोडी पुन्हा ओढून घ्यावी असं अनेक घरांना वाटलंच नाही. तिकडे अमेरिकेतही एओएल कंपनीनं आपली डायल-अप, म्हणजे फोन लावून इंटरनेट देणारी, सेवा ३० सप्टेंबर २०२५ला बंद केली.

पण सीडीसी-एसीएम हा ड्रायव्हर आजही कर्नेलमध्ये आहे आणि रोज वापरात आहे. शाळेतली मुलं अर्डुइनोचा बोर्ड लिनक्स संगणकाला जोडतात तेव्हा पडद्यावर तेच 'टीटीवायएसीएम०' उमटतं. बंदिस्त ड्रायव्हर मात्र जुन्या कर्नेलच्या जमान्यातच राहिले. त्यांच्या मोडेमचा आता कागदावर ठेवायच्या वजनापलीकडे उपयोग नाही. दिवाळीच्या साफसफाईत असा डबा हाती लागला, तर एकदा खोचून बघा. एसीएमची ओळ आली तर एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेला द्या, एटी आदेश शिकवायला तो अजून उत्तम आहे. नाही आली, तर ई-कचऱ्याच्या पेटीत टाका. वाडीच्या खड्ड्यात पुरू नका, डब्यात शिसं असतं.