आभासी विश्वातील विज्ञान-व्याख्याने

विज्ञानाचे व्याख्यान म्हटले की वक्ता बोलतो, विद्यार्थी टिपणे काढतात आणि पाठ्यपुस्तकातील आकृती फळ्यावर पुन्हा उतरते, हेच चित्र आपल्या परिचयाचे आहे. या पद्धतीत एक मोठी उणीव राहते. आकृती प्रमाणाविषयी चुकीची कल्पना देते. सूर्य एक मीटर व्यासाचा मानला, तर पृथ्वी हरभऱ्याच्या दाण्याएवढी होते आणि तिला शंभराहून अधिक मीटर दूर ठेवावे लागते. नेपच्यून सव्वातीन किलोमीटरांवर, म्हणजे नालवाडीची शीव ओलांडून वर्धा शहरात जातो. पुस्तकात मात्र हे सारे ग्रह एका वितीत बसवलेले असतात. कागदावर न मावणारे हे प्रमाण दाखविण्याचे साधन म्हणजे आभासी विश्व.

संगणकाने गणिताच्या आधारे उभारलेल्या या दृश्यात पाहणाऱ्याला आपली जागा, दिशा आणि काळ बदलता येतो. चित्रपटात दिग्दर्शकाने ठरविले तेवढेच दिसते. येथे ‘चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल?’ असे एखाद्या विद्यार्थिनीने विचारले, तर सर्व वर्गाला तेथे नेऊन दाखविता येते. श्रोत्याच्या प्रश्नाने व्याख्यानाचा पुढचा टप्पा ठरतो, म्हणूनच ते रंगते.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली तारांगण सुरू झाले. १९७७ मध्ये मुंबईत नेहरू तारांगण उभे राहिले. दीक्षाभूमीला अभिवादन करण्यासाठी नागपूरला जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना तेथील रमण विज्ञान केंद्राचे तारांगणही जवळचे आहे. घुमटावर उमटणारे ते आकाश हेही एक आभासी विश्वच होय. पुढे इंटरनेटमुळे घुमटाचीही गरज उरली नाही. २००३ साली ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग सर्वांसाठी खुले झाले. काही वर्षांतच जॉर्ज जॉर्गोव्स्की आदी खगोलशास्त्रज्ञांनी त्यात एक संस्था स्थापून सर्वसामान्यांसाठी व्याख्याने दिली. वेगवेगळ्या देशांतील श्रोते आपापल्या घरी बसून, संगणकीय प्रतिरूपे धारण करून, एकाच सभागृहात एकत्र येत आणि प्रश्न विचारीत.

आमच्यासारख्या निवासी शाळेला याचा उपयोग काय? आमची अनेक मुले खेड्यांतून येतात. प्रयोगशाळेची साधने मोजकी, आणि मोठ्या शहरांतील वैज्ञानिकांना वारंवार येथे येणे शक्य नसते. ‘स्टेलेरियम’ हे खगोलदर्शनाचे सॉफ्टवेअर मात्र विनामूल्य मिळते आणि एकदा संगणकात बसविल्यावर इंटरनेटशिवायही चालते. एक संगणक, एक प्रक्षेपक आणि पांढरी भिंत एवढ्यावर व्याख्यान होऊ शकते.

शून्य सावलीचेच उदाहरण घेऊ. आपले गाव सुमारे पावणेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर असल्याने वर्षातून दोनदा, २४ मे आणि १९ जुलैच्या सुमारास, मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पण मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि जुलैत आभाळ भरलेले! त्यामुळे येथे राहूनही हा चमत्कार बहुतेकांना पाहावयास मिळत नाही. आभासी आकाशात नालवाडीचे स्थान व ती तारीख भरली, की वर्गात बसून सूर्याची ती चढती वाट पाहता येते. नंतर स्थान दिल्लीचे केले, तर सूर्य माथ्यावर येतच नाही. असे का, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात, आणि पृथ्वीच्या अक्षाचा कल समजावून सांगण्याची खरी वेळ तीच असते.

तथापि एक दक्षता आवश्यक आहे. पडद्यावर दिसते ते निसर्ग नव्हे. मानवाने निसर्गाविषयी बांधलेल्या गणिताचे ते चित्र आहे. गणितात चूक असेल, तर चित्रही चुकेल. म्हणून पडद्यावरील भाकीत अंगणात तपासावे. २२ डिसेंबरला दुपारी १२ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास एक मीटर उंचीच्या काठीची सावली येथे सुमारे ९७ सेंटीमीटर भरावयास हवी. सपाट जमिनीवर काठी उभी करून विद्यार्थ्यांनी ती मोजावी. फरक आढळल्यास काठी सरळ होती का, घड्याळ बरोबर होते का, याचा शोध घ्यावा. पडद्यावर दिसले म्हणून मानणारी मुले पुस्तकात छापले म्हणून मानणाऱ्यांहून पुढे गेली, असे म्हणता येणार नाही.

डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठविण्यास सांगत आणि स्वाक्षरीसह उत्तर देत. साधन पोस्टकार्डाचे असो वा आभासी जगाचे, मुलाच्या मनातील प्रश्न जाणत्यापर्यंत पोहोचावा, हाच हेतू असतो. वर्गात उठून बोलण्यास संकोचणाऱ्या मुलालाही पडद्यासमोर प्रश्न लिहून विचारता येतो.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही आमच्या माजी विद्यार्थ्यांना आवाहन करतो. आपल्यापैकी जे अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक झाले आहेत, त्यांनी महिन्यातून एक तास दूर राहूनच या मुलांना द्यावा. विषय आपण निवडावा. प्रश्न मुले विचारतील.