टोमॅटोने मान टाकली, तर?

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावी, भारी काळ्या रानात, टोमॅटो लावला आहे असे समजा. चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी ऊन पडताच झाडांनी माना टाकल्या. कोणीतरी म्हणतोच, "पाणी द्या!" पण थांबा. बुंध्याशी पाणी साचलेले असताना झाड तहानलेले कसे?

मुळांनाही श्वसन करावे लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या, की प्राणवायू तुटतो आणि मुळांचे पाणी शोषणे मंदावते. शिवाय गुदमरलेली मुळे एक रसायन वर धाडतात. पानांत त्यापासून इथिलीन वायू तयार होतो व देठ खाली झुकतात. ब्रॅडफोर्ड आणि यँग या शास्त्रज्ञांनी १९८० साली हे टोमॅटोवरच दाखविले. पुढे खालची पाने पिवळी पडतात. अशा वेळी चर खणून पाणी काढून द्यावे. वेळीच वाफसा आला, तर बरीच झाडे सावरतात.

वाफसा येऊनही मरगळ जात नसेल, तर मात्र एक झाड उपटा. मुळांवर गाठी असतील, तर सूत्रकृमींचा संशय घ्या. नसतील, तर खोड उभे चिरा. पाने खालून, पुष्कळदा एकाच बाजूने पिवळी पडत गेली असतील आणि सालीखाली तपकिरी रेषा दिसत असतील, तर ही बहुधा फ्युजेरियम बुरशीची मर. झाड हिरवेगार असतानाच दोन-तीन दिवसांत कोलमडले असेल, तर पुढील प्रयोग कराच.

बुंध्याजवळचा ताजा तुकडा कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन कापलेले टोक त्यात बुडवा आणि तुकडा न हलविता धरा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरू लागले, तर ते असंख्य जिवाणू आहेत! त्यांच्या चिकट द्रवाने जलवाहिन्या तुंबतात, म्हणून झाड सुकते. एर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये वर्णन केलेला हाच तो जिवाणू. आजचे त्याचे नाव राल्स्टोनिया सोलॅनॅसिअरम. आम्ल जमिनीत तो अधिक फोफावतो. काळ्या रानात म्हणूनच आधी साचलेल्या पाण्याकडे पाहावे, असे मला वाटते.

धागे दिसले, तर बुरशीनाशकावर पैसे घालवू नका. ते जिवाणूला मारत नाही. रोगट झाडे मुळासकट काढून जाळा, उकिरड्यावर टाकू नका. विळा व हात धुवा. त्या जागी वांगी, मिरची, बटाटा नको. ज्वारी किंवा मका घ्या. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेला 'अर्का रक्षक' हा संकरित टोमॅटो या मरीला तोंड देतो. पुढच्या हंगामासाठी त्याची चौकशी करून ठेवा.