घरच्या तारेची एरियल

रेडिओ म्हटला की डोळ्यांपुढे उभी राहते ती त्याची पेटी. छपरावरून आत आलेल्या तारेकडे सहसा कोणी पाहत नाही. स्वतः संदेश पाठविणाऱ्या हौशी रेडिओचालकाला मात्र ठाऊक असते की, पेटी कितीही भारी असली तरी एरियल चुकली तर तिची शक्ती वाया जाते. आणि एरियल नेमकी असली तर थोड्या शक्तीतही आवाज दूर पोचतो. सुदैवाची गोष्ट अशी की, सर्व सामग्रीत स्वस्त आणि घरी करता येण्याजोगी वस्तू हीच आहे.

उदाहरणादाखल छत्तीसगडातील भिलाई घेऊ. १९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. १९५९ साली त्याची पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. येथून नागपूर जवळजवळ सरळ पश्चिमेस, सुमारे अडीचशे किलोमीटरवर. भिलाईच्या चालकाला नागपूरच्या स्नेह्याशी बोलावयाचे आहे. त्याने एरियल कशी उभारावी?

प्रथम लांबीचा हिशेब. भारतात हौशी चालकांना मिळालेल्या पट्ट्यांपैकी ७ ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा अंतरासाठी दिवसा सोयीचा असतो. ७.१ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ७१ लाख कंपने. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. या वेगाला कंपनसंख्येने भागले की एका लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर निघते. सतारीची तार जशी आपल्या लांबीनुसार ठरावीक स्वरच देते, तशी निम्म्या लहरीएवढी तार त्या लहरीला उत्तम साथ देते. प्रत्यक्षात ही लांबी सुमारे ५ टक्के कमी ठेवावी लागते. म्हणून सोपा नियम असा, की १४३ या आकड्याला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागावे. उत्तर मीटरांत मिळते. येथे ते सुमारे २० मीटर येते.

विजेच्या फिटिंगसाठी वापरतात तीच तांब्याची तार घ्यावी आणि तिचे १०-१० मीटरांचे दोन तुकडे करावेत. पुढे नेमके करता यावे म्हणून टोकाला वीतभर तार जास्त ठेवावी. दोहोंच्या मध्ये प्लास्टिकचा जाड तुकडा बांधावा. पेटीकडून येणाऱ्या कोॲक्सियल केबलची आतली तार एका तुकड्याला व बाहेरची जाळी दुसऱ्याला डाखावी, आणि पाणी शिरू नये म्हणून सांधा घट्ट बंद करावा. हा मध्य गच्चीवरील बांबूच्या टोकाला, जमिनीपासून ८ मीटर उंचीवर न्यावा. दोन्ही तारा उतरत्या ताणून त्यांची टोके नायलॉनच्या दोरीने, जमिनीपासून सुमारे ३ मीटर उंच राहतील अशी बांधावीत. एकच बांबू आणि १७-१८ मीटर मोकळी जागा एवढ्यात हे काम भागते.

एवढ्या कमी उंचीने नुकसान होत नाही काय? फार दूर जावयाचे असेल तर होते. पण नागपूरसाठी ती उंची गुणाचीच ठरते. ठेंगण्या एरियलमधून पुष्कळशा लहरी वर आकाशाकडे जातात, वातावरणाच्या उंच विद्युतभारित थरावरून परततात, आणि काहीशे किलोमीटरांच्या टापूत पसरतात. डोंगर वा जंगल त्यांच्या आड येत नाही.

मग लहरींचे गुणोत्तर दाखविणारे मापकयंत्र केबलला जोडावे. आकडा दीडच्या आत आला म्हणजे पेटी व तार यांचे जुळले. तार ७.१ ऐवजी त्याखालच्या कंपनसंख्येशी जुळत असेल, तर ती लांब आहे. दोन्ही टोके सारखी, थोडीथोडी कापावीत.

दोन नियम मात्र कधीही मोडू नयेत. तार विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून नेऊ नये. त्यांचा एक स्पर्श प्राणघातक ठरतो. तसेच वादळाची चाहूल लागताच केबल पेटीपासून सोडवून घराबाहेर ठेवावी. याखेरीज, प्रक्षेपणासाठी सरकारी परीक्षा व परवाना आवश्यक आहे. नुसते ऐकण्याचा सराव आधी केल्यास ती परीक्षा सोपी जाते.

या खटाटोपाचे मोल संकटात कळते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह हौशी रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या. २६ तारखेच्या भूकंपाने व त्सुनामीने अंदमान-निकोबारचे दळणवळण विस्कळीत झाले, तेव्हा या मंडळींनी आप्तांचे निरोप समुद्रापार मुख्य भूमीवर पोचविले. मोबाइलच्या सेवेला मनोरे लागतात, वीज लागते, मधली यंत्रणा लागते. हौशी चालकाला एक पेटी, एक बॅटरी आणि ही तार पुरते. तार तुटली तरी तो तीच पुन्हा सांधून तासाभरात बोलू लागतो. कारण तिचा हिशेब त्याने स्वतः केलेला असतो.