कॉलिंगवुडचे पत्र (१८०५)

कॉलिंगवुडचे पत्र : ट्रफॅल्गरच्या आरमारी विजयानंतर (२१ ऑक्टोबर १८०५) ब्रिटिश नौसेनानी कथबर्ट कॉलिंगवुड (१७४८–१८१०) याने आपली पत्नी सेरा हिला डिसेंबर १८०५ मध्ये समुद्रावरून लिहिलेले पत्र. विजयाने कुटुंबास मिळालेली प्रतिष्ठा आणि त्या कुटुंबाचे मूळचे शील यांची सांगड कशी घालावयाची, हा या पत्राचा खरा विषय आहे. कॉलिंगवुडच्या प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारातील हे एक अत्यंत जिव्हाळ्याचे पत्र होय.

कॉलिंगवुडचा जन्म न्यूकॅसल येथे झाला. घराणे जुने व नामांकित होते. परंतु वडिलांच्या व्यापारात फारसे काही उरले नव्हते. १७६१ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तो आरमारात दाखल झाला. १७९१ मध्ये त्याचा विवाह न्यूकॅसलच्या ब्लॅकेट घराण्यातील सेरा हिच्याशी झाला व त्यांना दोन मुली झाल्या. मॉर्पेथ या लहानशा गावी त्याने घर केले, बाग लावली. मात्र युद्धामुळे तेथे राहण्याचे भाग्य त्यास क्वचितच लाभले. १८०३ मध्ये त्याने घर सोडले, ते कायमचेच.

ट्रफॅल्गर येथे ब्रिटिशांच्या २७ मोठ्या युद्धनौकांनी फ्रान्स व स्पेन यांच्या ३३ युद्धनौकांशी सामना दिला. दोन रांगांपैकी एकीचे नेतृत्व नेल्सनकडे, तर दुसरीचे कॉलिंगवुडकडे होते. त्याची ‘रॉयल सॉव्हरिन’ ही नौका वेगवान असल्याने इतरांच्या पुढे निघून गेली आणि सु. पाव तास शत्रूच्या तोफांना एकटीनेच तोंड देत राहिली. तिच्यावरील ४७ जण ठार व ९४ जखमी झाले. कॉलिंगवुडच्या पायालाही लाकडाच्या ढलपीचा जोरदार तडाखा बसला. पण जखमींच्या यादीत त्याने स्वतःचे नाव घातले नाही. पत्नीलाही ही गोष्ट त्याने पुष्कळ उशिरा, सहज आठवल्यासारखी कळविली. नेल्सन मारला गेल्यावर आधिपत्य त्याच्याकडे आले. पाठोपाठ उठलेले वादळ अनेक दिवस चालले आणि त्यात ताब्यात आलेल्या १७ नौकांपैकी चारच हाती राहिल्या. लढाई संपताच नांगर टाकण्याची नेल्सनची इच्छा त्याने डावलली, अशी टीका पुढे झाली; तथापि डोलकाठ्या कोसळलेल्या आणि नांगरांचे दोर तुटलेल्या अनेक नौकांना नांगर टाकणे शक्यच नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे.

या विजयाबद्दल राजाने त्यास बॅरन हे उमरावपद दिले. बातमी पोहोचल्यावर लिहिलेल्या या पत्रात तो प्रथम पत्नीचे अभिनंदन करतो. तिने हा मान कसा पेलला आहे, असे थट्टेने विचारतो आणि आपल्याला मात्र पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतच्या कामात त्याचा विचार करावयास सवड नाही, असे कळवितो. राजाच्या खाजगी चिटणिसाने पाठविलेल्या प्रशंसापत्राचा आणि आरमारातील अधिकाऱ्यांच्या प्रशंसेचा त्यास अभिमान वाटतो. परंतु अतिरेकी गर्व हा मूर्खपणा असल्याचेही तो तेथेच नमूद करतो. युद्ध सुरू होण्यापूर्वी मॉर्पेथ येथे आपणास या लढाईतील अनेक प्रसंग स्वप्नात दिसले होते, उमराव होण्याचे मात्र स्वप्नातही आले नव्हते, अशी आठवण तो देतो. मुलींनी शहाणे व सद्‌गुणी व्हावे आणि नव्या पायरीस शोभेल असे वागावे, ही त्याची अपेक्षा. दृष्टी व श्रवणशक्ती मंदावत चालल्याने परत येईल तो दुखण्यांची मोळीच असेल, असे तो स्वतःविषयी लिहितो. उमराव झाल्यावर बागेत खणताना दिसणे बरे नव्हे, तरी म्हाताऱ्या माळ्याने वाईट वाटून घेऊ नये. नेल्सनच्या नावाचे बटाटे आता लावता येणार नसले, तरी दुसऱ्या जातीचे लावू आणि उत्तम कोबीही काढू, असा निरोप तो धाडतो. थट्टेच्या या ओळीत मित्राच्या मृत्यूचे दुःख दडलेले आहे. संपत्तीहून निराळे आणि अधिक चांगले असे कुलीनतेचे उगम असतात, याचे आपण उभयता उदाहरण आहोत, याचा आनंद त्याने व्यक्त केला आहे.

हाच सूर पुढील पत्रांतही आढळतो. १६ जून १८०६ रोजी, विवाहाच्या वाढदिवशी, त्याने मुलींना भूमिती शिकवावी असे सुचविले. गणित व ज्योतिष यांनी मन विशाल होते आणि ईश्वरावरील श्रद्धा निव्वळ रूढीची राहत नाही, असे त्याचे मत होते. त्या काळातील सरदारघराण्यांतील स्त्रीशिक्षणाच्या कल्पनांशी हे मत मुळीच जुळणारे नव्हते. त्याच पत्रात आपण लावलेल्या ओकवृक्षांखाली बसण्याजोगी सावली झाली काय, अशी चौकशी आहे. आणखी एका पत्रात बाउन्स या आपल्या कुत्र्याला धन्याच्या उमरावपदाचा ताठा चढल्याची तक्रार तो करतो. या विनोदामागे, असाच ताठा आपल्या घरातही शिरेल, ही धास्ती असावी.

पदाविषयी तो सर्वस्वी उदासीन होता, असे मात्र म्हणता येत नाही. पुत्र नसल्यामुळे आपले उमरावपद मुलींच्या वंशात चालावे, अशी विनंती त्याने केली होती. ती मान्य झाली नाही. प्रकृती ढासळूनही भूमध्य समुद्रातील आधिपत्य त्यास १८१० पर्यंत सोडता आले नाही. स्वदेशी निघाल्यावर ७ मार्च १८१० रोजी मिनॉर्का बेटानजीक जहाजावरच त्याचे निधन झाले व उमरावपद त्याच्याबरोबर संपुष्टात आले. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये नेल्सनच्या समाधीशेजारी त्याचे दफन करण्यात आले. थोरल्या मुलीच्या पतीने त्याच्या सरकारी व खाजगी पत्रांचा निवडक संग्रह १८२८ मध्ये प्रसिद्ध केला. हे पत्र त्यात समाविष्ट आहे.