सिझरची भूल आणि बाळ: पाठीतल्या सुईची भीती किती खरी?



हप्ते जमा झाले, कर्जाचे अर्ज वाचून झाले, की बैठकीत खऱ्या गप्पा सुरू होतात. हल्ली त्यात सिझरचा विषय हमखास निघतो. कुणाच्या लेकीला आठवा लागलाय, कुणाच्या सुनेला डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. आणि कुणी ना कुणी म्हणतंच, "पाठीत सुई घेऊ देऊ नका बाई, जन्माची कंबर जाते. त्यापेक्षा पूर्ण भूल द्या म्हणावं." आपल्यातल्या एका सासूबाईंनी तर डॉक्टरांपुढे तसा हट्टच धरला होता. त्यांना सुनेची काळजी होती, यात शंका नाही. पण त्या भुलीने पोटातल्या बाळाचं काय होतं, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरातली सुमारे 25 बाळंतपणं सिझरने होतात. म्हणजे आपल्या प्रत्येक गटात हा प्रसंग कधीतरी येणारच. तेव्हा आधीच समजून घेतलेलं बरं.

भूल दोन प्रकारची असते. पहिली पाठीतली. बसवून किंवा कुशीवर झोपवून कमरेच्या मणक्यांमधून एक बारीक सुई घालतात आणि मज्जातंतूंच्या भोवती जे पाणी असतं त्यात थोडंसं औषध सोडतात. ते किती? साधारण दोन मिली, म्हणजे अर्धा चमचाही नाही. थोड्याच वेळात पाय गरम लागतात, जड होतात आणि छातीखालचं अंग सुन्न होतं. आई जागी असते. पोटात ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं, पण कापल्याचं दुखत नाही. औषध एवढं थोडं असतं, की आईच्या रक्तात ते नावालाच उतरतं आणि बाळापर्यंत तर त्याहून कमी पोचतं.

दुसरी पूर्ण भूल. यात औषध शिरेतून देतात, आई झोपी जाते, घशात नळी घालून तिचा श्वास मशीनवर चालवतात. आता विचार करा, बाळाला जे काही मिळतं ते आईच्या रक्तातून, वारेमार्फत, नाळेतूनच. झोपेचं औषधही त्याच वाटेने जातं. म्हणून पूर्ण भुलीतलं बाळ कधीकधी थोडं गुंगीत जन्मतं. रडायला उशीर करतं, अंग सैल टाकतं, श्वासाला मदत लागते. यासाठीच डॉक्टर पोट पुसून, चादरी घालून सगळी तयारी आधी करतात आणि अगदी शेवटी भूल देतात, म्हणजे मिनिटांतच बाळ बाहेर काढता येतं. बाजूला बाळाचे डॉक्टर किंवा सिस्टर श्वास देण्याची पिशवी घेऊन उभ्या असतात. बहुतेक बाळं थोड्याच मिनिटांत सावरतात.

मग पूर्ण भूल वाईटच का? नाही. बाळाचे ठोके एकदम खाली गेले, आईला जोराचा रक्तस्राव सुरू झाला, रक्त गोठण्यात दोष आहे किंवा पाठीतली भूल चढलीच नाही, अशा वेळी तीच जीव वाचवते. तेव्हा दारात उभं राहून वाद घालू नये. पण हातात वेळ आहे आणि अडचण काही नाही, तर बाळासाठी आणि आईसाठीही पाठीतली भूलच बरी. आपल्या त्या सासूबाईंना भुलीच्या डॉक्टरांनी हेच समजावलं. सुनेने पाठीतली भूल घेतली आणि लेकीचं पहिलं रडणं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

भुलीचे डॉक्टर फक्त आईकडे बघतात असं आपल्याला वाटतं. पण जन्मलेल्या बाळाला आज जगभर जे गुण देतात ते एका भुलीच्या डॉक्टरणीनेच ठरवले. व्हर्जिनिया अपगार तिचं नाव, अमेरिकेतली. 1952 साली तिने सांगितलं, की जन्मल्यावर एक मिनिटाने बाळाच्या पाच गोष्टी बघा: ठोके, श्वास, अंगातली ताकद, डिवचल्यावरचा प्रतिसाद आणि रंग. प्रत्येकीला शून्य ते दोन, एकूण दहा गुण. पुढे पाच मिनिटांनीही बघायची रीत पडली. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर "अपगार" लिहून आकडे असतील तर ते हेच. सात किंवा जास्त म्हणजे ठीक. पहिला आकडा कमी आणि दुसरा चांगला असेल, तर बाळ सावरलं असं समजा.

पाठीतल्या भुलीत बाळाच्या दृष्टीने जपायचं ते आईचं बीपी. ते एकदम उतरू शकतं, आणि उतरलं की वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. म्हणून सलाईन लावतात, उजव्या कुशीखाली उशी देतात, दंडावरचा पट्टा सारखा फुगत राहतो. मळमळलं, गरगरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लाजून गप्प राहू नका. लगेच बोला. ती बीपी उतरल्याची खूण असते आणि औषधाने ते पटकन वर येतं.

आणि कंबर? सुई टोचली तिथे काही दिवस दुखू शकतं. पण जन्माची कंबरदुखी या सुईने लागत नाही. गरोदरपणातलं वजन, वाकून बाळ घेणं, लगेच हंडे उचलणं, ही खरी कारणं. (सुईला दोष देणं सोपं, हंडा कोण उचलणार हे ठरवणं अवघड.) हां, काहींचं डोकं मात्र दुखतं. बसलं की वाढतं, आडवं पडलं की थांबतं. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, त्यावर इलाज आहे.

आता आपल्याकडून होणारी चूक. "उपाशीपोटी कसं पाठवायचं" म्हणून दवाखान्याच्या वाटेवर चहा-चपाती खाऊ घालतात आणि विचारलं की "काही नाही खाल्लं" सांगतात. भुलीत पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात गेलं तर आईच्या जिवावर बेततं. ठरवून सिझर असेल तर हलकं खाणं सहा तास आधी थांबवा, साधं पाणी दोन तास आधी. आणि खाल्लं असेल तर खरं सांगा, कुणी रागावलं तरी. दमा, बीपीच्या गोळ्या, रक्त पातळ करायची औषधं, आधीच्या भुलीत झालेला त्रास, हलणारा दात, मिश्रीची सवय, हेही सगळं सांगा.

"भुलीचं दूध आहे, दोन दिवस पाजू नका" हे ऐकलंय ना? हे चूक आहे. पाठीतल्या भुलीनंतर पहिल्या तासातच बाळाला छातीशी घेऊन चीक पाजता येतो. पूर्ण भुलीनंतर आई नीट जागी झाली, बाळ धरता आलं, की लगेच. दुधात औषध उतरतं ते अगदी नगण्य. चीक पिळून टाकून मध-गुळपाणी दिलं तर मात्र बाळाचं खरं नुकसान होतं.

सिझरच्या काही बाळांना पहिल्या दिवशी धाप लागते. तिचा दोषही भुलीला देतात. खरं म्हणजे फुप्फुसातलं पाणी पूर्ण निघालेलं नसतं. कळा न येता आणि दिवस भरण्याआधी सिझर केलं तर हे जास्त होतं. म्हणून घाईचं कारण नसताना चांगला मुहूर्त गाठायला 39 आठवड्यांच्या आधीची तारीख मागू नका.

शेवटचं एक, आणि हे गटाने करण्यासारखं आहे. कितीतरी बायकांना ऐन कळांत पुढे पाठवतात, कारण तिथे भुलीचे डॉक्टरच नसतात. आठव्या महिन्यातच आशाताईंना घेऊन विचारून ठेवा: जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात रात्रीसुद्धा सिझर होतं? भुलीचे डॉक्टर कायमचे आहेत की बोलावून येतात? तिथवर जायला किती वेळ लागतो? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि गाडी सगळं मोफत आहे, भूलसुद्धा. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत गावातल्या गरोदर बायांची यादी घ्या आणि प्रत्येकीच्या नावापुढे त्या दवाखान्याचं नाव, गाडीचा नंबर आणि सोबत कोण जाणार ते लिहून ठेवा.